रुखवतातले ट्रान्झिस्टर

आमच्या दहिसरच्या घरात टेबल नव्हतं. जेवायला पाट, अभ्यासाला स्वतःची मांडी, आणि पाहुणा आला की त्याला खाटेवर बसवायचं, अशी सोय होती आणि ती कुणाला अपुरी वाटत नव्हती. त्यामुळे इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पाटकर सरांनी आलेखाच्या कागदांचा गठ्ठा हातात दिला आणि हे सगळे एकमेकांना चिकटवून त्यावर चिपचं चित्र काढा म्हणून सांगितलं, तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो हा, की एवढा कागद पसरायचा कुठे. चिकटवून झाल्यावर तो सतरंजीएवढा झाला. बाहेरच्या खोलीत अंथरला की दाराकडून मोरीकडे जायला भिंतीला पाठ घासत जावं लागायचं. बाबा कामावरून आले की चपला काढून उंबऱ्यातच थांबायचे आणि विचारायचे, "रस्ता चालू आहे का बंद?" आई आतून ओरडायची, "बंद आहे. खिडकीकडून या." आणि बाबा खरोखर कागदाच्या कडेकडेने, हातातली पिशवी उंच धरून, पाण्यातून चालल्यासारखे आत जायचे.

आज हे सांगितलं तर माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलांना खोटं वाटतं. आता पडद्यावर बोटभर हालचालीत जे होतं ते तेव्हा आम्ही रंगीत पेन्सिलींनी करत होतो. सिलिकॉनवर जिथे वीज वाहायची ती हिरवी पट्टी. तिला आडवी जाणारी, तिच्यावर हुकूम चालवणारी लाल पट्टी. वरून जाणाऱ्या धातूच्या तारा निळ्या. लाल पट्टी हिरवीला जिथे ओलांडते, तिथे एक ट्रान्झिस्टर जन्माला येतो. बाकी त्याला वेगळं असं काही काढावं लागत नाही. कागदावरचा एक चौकोन म्हणजे प्रत्यक्षात केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. सर म्हणाले होते, की हे चित्र उत्तरेतल्या एका सरकारी कारखान्यात जाईल, तिथे आणखी काही कॉलेजांची चित्रं येतील, आणि सगळ्यांची मिळून सिलिकॉनची एक चकती बनेल. "आपल्या कॉलेजला पहिल्यांदाच जागा मिळतेय," ते म्हणाले, "आणि दुसऱ्यांदा मिळायची तर पहिली चिप चालायला हवी. एकदा चित्र गेलं की खोडरबर नाही." सर बोलताना खिशातले शेंगदाणे एकेक करून तोंडात टाकायचे, त्यामुळे त्यांचं धमकावणंसुद्धा गप्पांसारखं वाटायचं. पण त्या दिवशी त्यांनी शेंगदाणे खाल्ले नाहीत.

माझी जोडीदार होती जयश्री. घाटकोपरला राहायची. तिचे आईवडील मूळचे बुलढाण्याकडचे, वडील टपालखात्यात होते. माझ्या आयुष्यात पुढे पुष्कळ हुशार माणसं आली, पण गणित करताना खळखळून हसणारी अशी तीच एक. शनिवारी कॉलेज सुटलं की ती अंधेरीहून माझ्याबरोबरच दहिसरला यायची, तिच्या आईने पाठवलेला ठेचा डब्यातून काढायची आणि माझ्या आईच्या आंबोळ्यांवर तो थापून खायची. आईला सुरुवातीला हे बघवायचं नाही. "अगं, त्याच्याबरोबर काळ्या वाटाण्याची उसळ केलीय ना," ती म्हणायची. महिन्याभरात आई स्वतःच विचारायला लागली, "जयू, ठेचा आणलास का?" मग खाणं झालं, ओट्यावरची भांडी वाजायची थांबली, चेकनाक्याकडच्या ट्रकांचे हॉर्न लांबून ऐकू यायला लागले, की आम्ही दोघी पोटावर पालथ्या पडून कागदावर काम करायचो.

आमचं सर्किट अगदी साधं होतं. एका ट्रान्झिस्टरने दुसऱ्याला ढकलायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि शेवटच्याने परत पहिल्याला. अशी साखळी स्वतःच थरथरत राहते, आणि किती वेगाने थरथरते त्यावरून त्या कारखान्यात बनलेला ट्रान्झिस्टर किती चपळ आहे ते कळतं. सरांनी वर्गात हे समजावलं तो तास मला अजून आठवतो. मुलं कंटाळलेली, पंखा करकरतोय, आणि सर खडूने फळ्यावर एक बारीकसा पूल काढून म्हणतात, "ह्याची लांबी अर्धी केली तर काय मिळेल?" कोणीतरी म्हणालं, इलेक्ट्रॉनला अर्धंच अंतर कापावं लागेल. "आणि?" सर म्हणाले, "वरची लाल पट्टी आणि खालची वाट मिळून एक साठवणीचं भांडं असतं. पट्टीवर विद्युतभार भरल्याशिवाय खालची वाट उघडत नाही. लांबी कमी केलीत की भांडंही लहान होतं. म्हणजे वाट आखूड झाली आणि भरायचंही कमी झालं. एका कष्टात दोन फायदे." मग फळ्यावर त्यांनी सूत्र लिहिलं. विजेचा प्रवाह रुंदीबरोबर वाढतो, लांबीबरोबर घटतो, इलेक्ट्रॉनच्या चपळाईबरोबर वाढतो. ती चपळाई पदार्थाची असते, आपल्या हातात नसते. आपल्या हातात फक्त लांबी आणि रुंदी. "त्यातही लांबी कारखान्याने ठरवून दिलीय, ह्यापेक्षा कमी जमणार नाही म्हणून. तेव्हा तुमच्या हातात उरली रुंदी. तिचं काय करता ते बघतो."

सूत्र मला पाठ झालं. इंग्रजीत कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. ते मला समजलं होतं की नाही, हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही.

ह्या सगळ्यात माझी मोठी बहीण मंदाताई कशी शिरली, ते सांगायला हवं. ताईचं लग्न ठरलं होतं, बोरिवलीचंच स्थळ, मुलगा वीजमंडळात. ताई एका शाळेत चित्रकला शिकवायची आणि माझं रंगवणं तिला सहन व्हायचं नाही. एकदा चहाचा कप हातात घेऊन ती उभी राहिली, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "वासू, हे काय रेघोट्या मारतेस? पेन्सिल आडवी धर ना जरा. बाजूला सर." मी सरकले. त्या संध्याकाळपासून रंग ताईकडे गेले. मी आणि जयश्री बारीक पेन्सिलीने कडा आखायचो, ताई आत रंग भरायची. इतका एकसारखा, इतका मऊ, की हिरव्यावर लाल चढलं तिथे खालचं हिरवं दिसत राहायचं. काम करताना ती गुणगुणायची. मधेच विचारायची, "हा एवढा जाडजूड का गं?" तो साखळीच्या बाहेरचा, शेवटचा ट्रान्झिस्टर होता. चिपच्या आतली कुजबुज बाहेरच्या जाड तारेवर पोचवायची तर दणकट कुणीतरी हवा, म्हणून आम्ही त्याला भरपूर रुंद केला होता. इतका रुंद, की सरळ मावेना, कंगव्याच्या दातांसारखा दुमडावा लागला. चित्रात सगळ्यात देखणा तोच दिसायचा. ताईने त्याला पहिलवान असं नाव ठेवलं.

कॉलेजातल्या संगणकावर आम्हाला वेळ मिळायचा तो चतकोर. त्यात साखळी तपासली, ती छान थरथरली. दुसऱ्या खेपेला पहिलवान एकटा तपासला, तोही दणदणीत निघाला. दोघांना जोडून तपासायचं राहिलं, कारण तिसऱ्या खेपेला मशीन बंद पडलं आणि ते दुरुस्त होईपर्यंत कागद द्यायची वेळ आली. सर सोमवारी सकाळी गाडीने निघणार होते. ताईचं लग्न आदल्या दिवशी, रविवारी.

लग्नाच्या आठवड्यात घराचं स्टेशन झालं. गावाहून सुलूआत्या आली, बाबांची थोरली बहीण. तिच्याबरोबर कोकम, कुळथाचं पीठ, फणसाची साठं, आणि माझ्यासाठी एक स्थळ. पिशवी खाली ठेवायच्या आत तिने बाबांना सांगून टाकलं, की मुलगा कणकवलीचा आहे, बागायत आहे, आणि एका मांडवात नाही तरी एका वर्षात दोघींचं उरकेल. बाबांनी नुसतं "बघू" म्हटलं. बाबा पूर्वी गिरणीत कापडखात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर अंधेरीच्या एका कारखान्याच्या गोदामात लागले. त्यांचं "बघू" कधी होकार असायचा, कधी नकार, आणि आम्हा बहिणींना सबंध लहानपणात त्यातला फरक ओळखता आला नाही. पुढे शिकायला मला सरांनी सांगितलं होतं. घरी मी ते अजून बोलले नव्हते. चिप चालली तर बोलायचं, असं मनाशी धरलं होतं.

घरभर करंज्यांचा आणि तळणीचा वास, मोरीत सतत बादल्यांचा आवाज, खाटेखाली नारळ, आणि त्या गर्दीत ताई, हातावर मेंदी चढायच्या आदल्या दुपारी, शेवटचा कोपरा रंगवतेय. सुलूआत्या लाडू वळता वळता ते बघत होती. रंगवून झालं, मी कागदाची सुरळी केली, दोरा बांधला आणि कपाटावर ठेवली.

रविवारी आम्ही बोरिवलीच्या हॉलवर पोचलो. सनई लागलेली, ताई आत नटतेय, मी नवी साडी सावरत रुखवत बघायला गेले. मांडणी झकास होती. साखरेचं देऊळ, लोकरीचं तोरण, मण्यांची मासळी, करंज्यांची आरास. आणि त्याच्यामागे भिंतीवर, चारी कोपऱ्यांना टाचण्या लावून, आमची चिप. खाली पुठ्ठ्यावर कुणाच्यातरी वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'वधूची बहीण कु. वासंती हिची कलाकुसर.'

जयश्री माझ्यामागोमाग आली होती. तिने बघितलं आणि खुर्चीवर बसून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतलं काजळ पसरलं. मी म्हटलं, "हसतेस काय यार? वाट लागली! उद्या सरांना द्यायचंय हे." तेवढ्यात सुलूआत्या पदर खोचून आली, चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

"बघलंस? मीच घेवन इलंय गो," ती म्हणाली. "तू इसारलंस. कपाटावरच ऱ्हवला होता."

"आते, ते रुखवताचं नाही गं!"

"नाय? मगे नवरी सोता कित्याक रंगवी होती?"

मी काढायला हात पुढे केला, पण एव्हाना मुलाकडच्या बायका जमल्या होत्या. ताईच्या सासूबाई, विहीणबाई म्हणू, चष्मा पुसून बघत होत्या. गोऱ्या, उंच, बोलायला हळू. त्या म्हणाल्या, "फार सुंदर आहे. पण हे नक्की काय आहे, बाळ? साडीच्या काठाचं विणकाम वाटतं." आता विहीणबाईंनी विचारलं म्हणजे सांगायला हवं. आई लांबून डोळ्यांनी खुणावत होती, नीट बोल म्हणून. मी सुरुवात केली, आणि पहिल्याच वाक्याला कळलं, की माझ्याजवळ इंग्रजी सूत्राशिवाय काहीच नाही.

मग मी बोटाने दाखवत गेले. ही हिरवी वाट, हिच्यातून वीज जाते. ही लाल आडवी पट्टी म्हणजे फाटक. वाटेची लांबी म्हणजे लाल पट्टी ओलांडायला लागतं ते अंतर, ते एवढंसं. आणि रुंदी म्हणजे ही, केवढी मोठी.

"अगो, लांबयेपेक्षा रुंदी जास्त?" सुलूआत्याने विचारलं. "उलटाच काय ता तुमचा!"

बाबा मागे येऊन उभे राहिले होते, डोक्याला फेटा. ते म्हणाले, "पन्हा म्हण ना. कापडाला नसतो का पन्हा? तसाच." आणि एकदम सगळ्या बायकांना समजलं. पन्हा मोठा तर एका वेळी जास्त वीज जाईल. लांबी कमी तर लवकर पार होईल. मला इतकी मजा वाटायला लागली की मी सुटलेच. काही ट्रान्झिस्टर मुद्दाम अडीचपट पन्ह्याचे का काढलेत तेही सांगितलं. तिथे इलेक्ट्रॉन वाहत नाहीत, इलेक्ट्रॉनने सोडलेल्या मोकळ्या जागा सरकतात, आणि त्यांची चपळाई कमी. मंद चालणारे असले की वाट रुंद द्यायची, म्हणजे हिशेब सारखा होतो. बायका माना डोलावत होत्या. आणि मग विहीणबाईंनी, अगदी सहज, विचारलं:

"मग सगळ्यांनाच भरपूर पन्हा का नाही दिलास? सगळेच दणकट झाले असते."

"तसं नाही चालत," मी म्हटलं. "पन्हा वाढवला की वरची लाल पट्टी पण वाढते. ती विजेने भरल्याशिवाय फाटक उघडत नाही. आणि ती भरायची कुणी? आधीच्या ट्रान्झिस्टरने. तो बिचारा लहान असला तर त्याला भरायला इतका वेळ लागेल, की..."

माझं बोट पहिलवानावर होतं. कंगव्याचे सगळे दात, त्यावरची सगळी लाल पट्टी. आणि तिला भरायला आम्ही जोडला होता साखळीतला एक चिमुकला, चित्रातला सर्वांत बारीक ट्रान्झिस्टर. साखळी थरथरणार वेगाने. पहिलवानाचं फाटक अर्धंही भरायच्या आत ती उलट फिरणार. फाटक कधी उघडणारच नाही. बाहेर काहीसुद्धा येणार नाही.

मी जयश्रीकडे बघितलं. तिचं हसू थांबलं होतं. तिच्या ओठांची हालचाल दिसत होती, ती तोंडी भागाकार करत होती. "वासू," ती म्हणाली, "हे मेलं आहे गं."

आजही कुणाला शिकवायला उभी राहिले की मला तो हॉल आठवतो. सूत्रात हे सगळं होतं. प्रवाह वाढतो त्याच रुंदीने भारही वाढतो, हे तर दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही लिहिता येतं. पण माझ्या बोलण्यात, माझ्या आईच्या भाषेत ते पहिल्यांदा आलं, आणि आलं तेव्हा ते चालता चालता समोरच्या खांबावर आपटल्यासारखं लागलं.

"मंगलाष्टकांना चला," कुणीतरी हाक मारली. मी अक्षता टाकल्या. कुठे पडल्या देव जाणे, कारण माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: मधे दोन टप्पे घालायचे. चिमुकल्याने त्याच्याहून थोड्या मोठ्याला ढकलायचं, त्याने त्याच्याहून मोठ्याला, आणि त्याने पहिलवानाला. कुणालाच झेपणार नाही असं ओझं द्यायचं नाही. जयश्री शेजारी उभी राहून कानात आकडे सांगत होती, मी मान हलवत होते, आणि आत्याला वाटलं, मी ताईसाठी रडतेय. "रडा नको गो," तिने माझी पाठ थोपटली, "तुझापण होतला."

पंगती उठल्या. मसालेभात, जिलबी, मठ्ठा कोणत्या क्रमाने पोटात गेला ते कळलं नाही. शेवटच्या पंगतीची टेबलं पुसून घेऊन आम्ही ती जोडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या कागदाला टेबल मिळालं. बाबांनीच भिंतीवरून टाचण्या काढल्या आणि कागदाची एक बाजू धरून आणला. मग विचारलं, "काय चुकलंय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "होईल का आत्ता?" मी म्हटलं, "जागा आहे. पहिलवानाच्या अलीकडे थोडी मोकळी जागा आहे. पण रंग घरी राहिले." ताईच्या नवऱ्याच्या, म्हणजे आता भावजींच्या, पुतणीच्या दप्तरात रंगपेटी होती, आणि ती आणायला भावजी स्वतःच मुंडावळ्या सांभाळत धावले. त्यांचं घर हॉलच्या मागच्याच गल्लीत होतं.

जयश्रीने मोजून सांगायचं, मी आखायचं. जुन्या निळ्या तारा खोडताना कागद फाटेल म्हणून जीव टांगणीला. सुलूआत्या वाऱ्याने कागद उडू नये म्हणून चारी बाजूंना नारळ ठेवत होती. पहिला टप्पा आखला, दुसरा आखला. आणि मी लाल पेन्सिल उचलली तेवढ्यात शालूची सळसळ आली. ताई. मेंदीने लालभडक झालेला हात पुढे करून म्हणाली, "दे इकडे. तू सगळ्याचा विचका करशील."

"ताई, तुझी निघायची वेळ..."

"सर गं."

सगळं लग्न त्या टेबलाभोवती जमलं. पाठवणीची गाडी खाली उभी, बँडवाले बिड्या ओढत बसलेले, आणि नवरी हिरव्या चुड्याचे हात टेकून हिरवी पट्टी भरतेय. भावजी रबराचा भुगा फुंकर मारून उडवत होते. विहीणबाई म्हणाल्या, "होऊ दे, होऊ दे, मुहूर्त पाठवणीला नसतो." शेवटची कड भरून झाल्यावर ताईने मान वर केली, कागदाकडे बघितलं, आणि मग एकदम माझ्या गळ्यात पडून रडली. आम्ही सगळेच रडलो. ते रडणं कशासाठी होतं हे मी कधी तपासून पाहिलं नाही. छान होतं ते.

त्या गडबडीत आत्याने कणकवलीचा विषय पुन्हा काढला, बाबांच्या कानाशी, पण आत्याचं कानाशी बोलणं सगळ्या हॉलला ऐकू जायचं. "मगे काय कळवू त्यांका?" बाबा कागदाची सुरळी करत होते, फेटा तिरका झालेला. म्हणाले, "कळव, की मुलगी शिकतेय अजून." मी दोरा धरून उभी होते, दोरा हातातून सुटला.

चिप येईपर्यंत परीक्षा होऊन गेली, पाऊस येऊन गेला, ताई माहेरपणाला येऊन गेली. गणपतीनंतर सरांचा निरोप आला. आम्ही धावत कॉलेजात पोचलो तेव्हा ते ऑसिलोस्कोपसमोर बसलेले, चिप तारांच्या जंजाळात खोचलेली, आणि हिरव्या पडद्यावर लाट. सुबक, उभ्या चढणीची लाट. जयश्रीने हिशेब मांडला होता त्याच्यापेक्षा वेग थोडा कमी भरला. कारखान्यातली चपळाई पुस्तकातल्याइतकी नव्हती. पण चालत होती. सरांनी खिशात हात घातला, मूठभर शेंगदाणे काढले आणि अर्धे माझ्या, अर्धे जयश्रीच्या हातावर ठेवले. "शेवटच्या टोकाला ते दोन टप्पे कधी घातलेत?" त्यांनी विचारलं. "माझ्याकडच्या जुन्या नकलेत नव्हते." आम्ही लग्नाची गोष्ट सांगितली. सर हसले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवत म्हणाले, "त्या सगळ्यांना एकदा आण इथे."

म्हणून एका शनिवारी दुपारी आमची वरात कॉलेजात गेली. आई, बाबा, ताई, भावजी, विहीणबाई, आणि सुलूआत्यासुद्धा, जी गौरीला आली होती ती अजून गावी परतली नव्हती. बायका सगळ्या ठेवणीतल्या साड्यांत. सरांनी चिपचं झाकण उघडून ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली होती. भिंगाला एकच नळी, म्हणून एकाने बघायचं आणि बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. ताई आधी गेली आणि किंचाळली, "वासू! गुलाबी आहे हे!" खरंच, आमच्या लाल-हिरव्याचं तिथे काही उरलं नव्हतं. गुलाबी, शेवाळी, मोरपंखी अशा छटा होत्या आणि धातूच्या तारा चांदीसारख्या. आत्या म्हणाली, "माझो नारळ काय दिसणा नाय." बाबांनी बघितलं, आणि मागे न बघता विचारलं, "पन्हा कुठला आणि लांबी कुठली?" मी सांगितलं. त्यांनी बराच वेळ मान हलवली.

मग आई. ती नको नको म्हणत होती, माझ्या डोळ्यांना काय दिसणार म्हणून. सरांनी स्टूल पुढे केलं. तिने पदर सावरला, एक डोळा घट्ट मिटला आणि दुसरा नळीला लावला. आम्ही वाट बघितली. विहीणबाईंची पाळी राहिली होती. शिपाई किल्ल्या घेऊन दारात येऊन उभा राहिला. ताई म्हणाली, "आई, झालं का? बाकीच्यांना बघू दे ना."

आईने डोळा काढला नाही. नुसता हात मागे करून माझा हात शोधला, पकडला, आणि म्हणाली, "थांबा जरा. मी अजून पहिल्याच ओळीत आहे."